थायो घातलं होतंस का?

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

उन्हाळ्याचे दोन महिने लॅबमध्ये काम करायला मिळणार, हे वाचून बरं वाटलं. पण टीबीचा हट्ट सोड. एलजे माध्यमावर, म्हणजे टीबीचे जंतू वाढवायच्या खाद्यावर, ते उगवले नाहीत, हे म्हणायलाच आठ आठवडे थांबावं लागतं. तुझी सुट्टी संपेल आणि हातात कोरी बाटली! शिवाय ते कल्चर, म्हणजे वाढवलेले जिवंत जंतू, बी.एस्सी.च्या पोरांच्या हाती कुणी देत नाही, देऊही नये.

विषय म्हणून पाणी घे. पंचगंगेच्या काठी राहून पाण्याला नाक मुरडू नकोस. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, ती पाण्यातून पसरणाऱ्या हेपटायटिस ई ची. गरोदर बाईच्या जिवावर बेतणारा आजार हा. त्याचा विषाणू शोधणं तुझ्या दोन महिन्यांत बसणार नाही. पण पाण्यात मैला मिसळलाय का, ते मॅकॉन्की ब्रॉथच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या द्रवाच्या, नळ्या सांगतात. 37 अंशांवर एक-दोन दिवसांत आतल्या उलट्या, इवल्याशा डरहॅम नळीत वायूचा बुडबुडा धरतो. ते कॉलिफॉर्म, आतड्यात राहणाऱ्या जंतूंचा गट. स्वतः आजार आणतीलच असं नाही, पण मैल्याची चुगली करतात.

तुझ्याएवढा असताना मी मंगळवार पेठेतल्या बारा नळांचं पाणी सायकलवरून आणलं होतं. बाराही नमुने स्वच्छ! एका नळीत बुडबुडा नाही. मी खूश. सरांनी तक्ता बघितला, चष्मा कपाळावर सारला आणि एवढंच विचारलं, "थायो घातलं होतंस का?"

नव्हतं घातलं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन बाटलीतही जंतू मारत राहतं. ते निकामी करायला बाटली निर्जंतुक करण्याआधीच तिच्यात सोडियम थायोसल्फेटचे थेंब टाकतात. माणसं पीत होती ते पाणी मी तपासलंच नव्हतं. तासभर सायकलवर क्लोरीनमध्ये मुरलेलं तपासलं. तेव्हापासून घाण निकालापेक्षा स्वच्छ निकाल आला की मला जास्त धास्ती वाटते.

आणि थायो घालूनही नमुना स्वच्छ आला, तरी वहीत "पाणी पिण्यायोग्य" लिहू नकोस. क्लोरीनपुढे कॉलिफॉर्म लवकर मरतात, काही विषाणू तग धरतात. "कॉलिफॉर्म आढळले नाहीत" एवढंच लिही. नमुना कधी घेतला, बर्फाच्या डब्यात कधी ठेवला, तेही तिथेच उभ्या उभ्या लिही. घरी येऊन आठवून लिहिलेली वेळ खोटीच असते.

नमुना घेण्याआधी नळाची तोटी ज्योतीने तापवायची, हे पुस्तकात आहे. प्लास्टिकची असेल तर स्पिरिटने पुस, नाहीतर घरमालक भांडायला येईल. मग दोन-तीन मिनिटं पाणी वाहू दे.

पाणी किती वाजता सुटतं, ते मात्र त्या गल्लीतल्या मावशींना आदल्या दिवशीच विचारून ठेव. कोरड्या नळापुढे बाटल्यांची पिशवी घेऊन मी उभा राहिलोय, तेही दोनदा.

तुझा,
काका