गणित सगळ्यांना सारखेच असते, मग शिकवणारा कोण आहे याने काय फरक पडतो?

आपण विचारले आहे की, शहरात वाढलेल्या आणि घरी प्रमाण मराठी बोलणाऱ्या आपल्यासारख्या शिक्षकाची नेमणूक नंदुरबार जिल्ह्यातील आश्रमशाळेत गणित-विज्ञानासाठी झाली, तर त्याची भाषा, जात, घरचे संस्कार यांचा शिकवण्याशी खरोखर काही संबंध असतो का; कारण त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज धडगावातही १८० अंशच भरते. बेरीज तेवढीच भरते, यात वाद नाही. पण ती कोणाच्या तोंडून आली की आपण लगेच फळ्याकडे वळून लिहितो आणि कोणाच्या तोंडून आली की "नीट सांग" म्हणतो, हे मात्र आपण कुठल्या घरातून, कुठल्या भाषेतून आणि कुठल्या भीतीतून शिक्षक झालो आहोत यावर ठरते. हे मला पुस्तकातून कळले नाही. माझ्या हातून झालेल्या चुकांमधून कळले, म्हणून त्या चुकाच आधी सांगते.

मी जळगाव जिल्ह्यातील अमळनेर तालुक्यातल्या अहिराणी बोलणाऱ्या शेतकरी कुटुंबातील आहे. वडील माळकरी होते. शिक्षकी पेशात मला एकोणीस वर्षे झाली. त्यातील पहिली काही वर्षे सातपुड्यातील एका आश्रमशाळेत गेली आणि त्यानंतर आजपर्यंत मी तापीकाठच्या एका शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते.

आश्रमशाळेत पदार्थांचे घटक वेगळे करण्याच्या पद्धती शिकवताना मी फळ्यावर ऊर्ध्वपातनाची आकृती काढली होती: चंबू, तापमापी, संघनक नळी आणि तिच्याभोवती फिरणारे थंड पाणी. प्रयोगशाळेत संघनक नव्हताच, त्यामुळे आकृतीवरच भागवायचे होते. मागच्या रांगेतील एका मुलाने विचारले, "बाई, वरचे पाणी तापले की ते बदलावे लागते ना?" आजवर मला वर्गात विचारल्या गेलेल्या प्रश्नांपैकी तो सर्वांत अचूक प्रश्न होता, कारण थंड पृष्ठभाग थंड राहिला नाही तर वाफेचे पाणी होत नाही, हेच त्या सगळ्या आकृतीचे मर्म आहे. पण मला ते ऐकूच आले नाही. मला ऐकू आले ते एवढेच की हा मुलगा मोहाच्या दारूच्या भट्टीबद्दल बोलतो आहे. चुलीवरचे मडके, मातीने लिंपलेले सांधे आणि वर ठेवलेले गार पाण्याचे भांडे त्याने घरी पाहिलेले होते. अल्कोहोल सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळते आणि पाणी १०० अंशांना, हे आकडे त्याला ठाऊक नसले तरी आधी काय निघते आणि आच का सांभाळावी लागते, हे तो जाणत होता. माळकऱ्याच्या घरातली मी. मी त्याला म्हटले, "असले विषय वर्गात काढायचे नाहीत." वर्षभरात त्याने पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही.

दारूने पाड्यांवरची किती घरे उद्ध्वस्त केली हे मी पाहिलेले आहे आणि तिचे कौतुक मला कधीही करायचे नाही. परंतु त्या मुलाने कौतुक केलेच नव्हते. त्याने भौतिकशास्त्र विचारले होते. माझ्या घरच्या संस्काराने मला व्यसनाचा तिटकारा दिला, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण त्याच संस्काराने वर्गातील एका मुलाचे ज्ञान मला घाणीसारखे दाखवले, हेही तितकेच खरे आहे. मोहाची फुले पहाटे वेचून वाळवून वर्षभर खाल्ली जातात, बियांचे तेल काढतात, त्या झाडाखाली त्या मुलांचे अर्धे जीवशास्त्र उलगडता आले असते. मी मात्र संपूर्ण झाडच वर्गाबाहेर ठेवले.

आता आपण म्हणाल की, शिक्षक त्याच समाजातील असला म्हणजे प्रश्न मिटला. मीही असेच समजत होते, आणि म्हणून पुढच्या शाळेत, जिथे बहुतेक मुले माझ्याच बोलीतली होती, तिथे मी निर्धास्त झाले. तिथे तर मी अधिक कठोर वागले. अध्यापक विद्यालयात असताना माझ्या तोंडून "मना", "तुना" निघाले की मुली हसत असत. तेव्हा मी अहिराणी अशी काही पुसून टाकली की घरी आईशी बोलतानाही जीभ अडखळू लागली. जे मी स्वतःच्या जिभेवरून इतक्या कष्टाने काढले होते, ते मुलांच्या जिभेवर मला सहन होईना. पाचवीच्या वर्गात "एकूण किती?" असे शब्दांत घातलेले उदाहरण सोडवताना एक मुलगा नुसता माझ्याकडे पाहत राहिला होता. मी तिसऱ्यांदा तोच प्रश्न अधिक मोठ्या आवाजात विचारला. खिचडीची भांडी घासत बसलेल्या मावशींनी खिडकीतून आत डोकावून म्हटले, "बठ्ठं मियीसन कितलं रे?" आणि त्याने तत्काळ बरोबर उत्तर दिले. त्याला बेरीज येत होती. त्याला "एकूण" येत नव्हते. माझ्याकडे दोन्ही शब्द होते आणि त्यातला एक मी लाजेने लपवून ठेवला होता.

या अनुभवाला बळ देणारा एक अभ्यास मी नंतर वाचला आणि तो वाचून बराच वेळ स्वस्थ बसून राहिले. रेमा हॅना आणि ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातच एक प्रयोग केला होता, जो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर जात, लिंग, वय ही माहिती वाटेल तशी, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी लिहून त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींची नोंद असलेल्या पत्रिकांना किंचित कमी गुण पडले. आणि तो फरक मुख्यतः त्याच जातींतून आलेल्या परीक्षकांमुळे पडला होता. याचे कारण काय असेल यावर तज्ज्ञ बोलतील. मला मात्र त्यात माझा अहिराणीवरचा राग दिसला. तेव्हापासून मी चाचणीच्या कागदांचा नावाचा कोपरा दुमडून टाचणी लावते आणि मगच तपासायला घेते. आपणही पहिल्या चाचणीपासून हे करावे. पाच मिनिटांचे काम आहे.

बाईपणाचीही गोष्ट अशीच दुहेरी आहे. आंध्र प्रदेशातील शाळांचा अभ्यास करून कार्तिक मुरलीधरन आणि केतकी शेठ यांनी २०१६ मध्ये दाखवले की, शिक्षिका शिकवत असल्या की मुलींची प्रगती अधिक होते आणि त्यामुळे मुलांचे काही नुकसान होत नाही. माझ्या वर्गातील मुलींना माझ्या असण्याचा आधार वाटतो, हे मला रोज जाणवते. पण अमेरिकेत शान बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पहिली-दुसरीच्या सतरा शिक्षिकांचा जो अभ्यास केला, त्यात वर्षाअखेर असे आढळले की, ज्या शिक्षिकांना स्वतःलाच गणिताची भीती वाटते, त्यांच्या वर्गातील मुली "गणित मुलांचे, वाचन मुलींचे" असे अधिक मानू लागतात आणि अशा मुलींचे गणितही मागे पडते. मुलांवर तसा परिणाम दिसला नाही. मी कित्येक वर्षे तासाच्या सुरुवातीला मुलींना धीर देण्यासाठी म्हणत असे, "घाबरू नका, माझेही गणित कच्चेच होते." मला तो धीर वाटत होता. ते वाक्य मी आता उच्चारत नाही. प्रयोगाच्या तासाला मुलगे स्प्रिटचा दिवा पेटवणार आणि मुली निरीक्षणे लिहिणार, ही वाटणीही माझ्याच देखरेखीखाली वर्षानुवर्षे चालत होती.

सर्वांत जास्त काळ जी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही, ती म्हणजे "रीत". मी हुशार म्हणून नव्हे, तर वही स्वच्छ आणि पायऱ्या पूर्ण असल्यामुळे पुढे आले. रीत लिहिणे हेच माझे संरक्षण होते. कापूस वेचणीच्या दिवसांत बरेचदा गैरहजर राहणाऱ्या सहावीतील एका मुलीने चाचणीत ३७ गुणिले ८ चे उत्तर नुसते २९६ असे लिहिले होते. मी तिला शून्य गुण दिले आणि सर्वांसमोर विचारले की, कोणाचे पाहिलेस. ती गप्प राहिली. तिच्या मैत्रिणीने सांगितल्यावर कळले की वावरात कापूस मोजताना ती असाच हिशेब करते: चाळीस किलोचे तीनशे वीस, तीन किलो कमी भरले म्हणून चोवीस वजा. गुणाकाराचे वजाबाकीवर वितरण, जे बीजगणितात पुढे सूत्र म्हणून पाठ करून घेतले जाते, ते ती काट्याजवळ उभी राहून तोंडी करीत होती, कारण मजुरीत फसवणूक होऊ नये यासाठी तिला ते यावेच लागत होते. मी तिची वर्गासमोर माफी मागितली आणि तिची रीत तिच्या शब्दांत फळ्यावर लिहिली. रीत लिहायला मी आजही शिकवते, बोर्डाच्या परीक्षेत ती लागतेच, पण आधी "तू हे कसे काढलेस?" असे विचारते आणि उत्तर येईपर्यंत थांबते.

आपल्यासारख्या बाहेरून येणाऱ्याला भाषेची अडचण अधिक असेल, आणि ती केवळ शब्दांची नसते. पंचवीस ऐकताना आधी पाच येतात आणि मग वीस. म्हणून पावरी किंवा भिली बोलणाऱ्या घरातून आलेले मूल ५२ लिहिते, तेव्हा त्याने बहुधा नीट ऐकूनच लिहिलेले असते. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असे वाचन दिले तेव्हा राज्यभर त्यावर टीका झाली, आणि गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना शांतपणे पुन्हा पुन्हा समजावून सांगावे लागले. टीका करणाऱ्यांत मीही होते. मला एकवीस, बावीस जन्मापासून कानावर पडलेले होते, त्यामुळे ते अवघड असू शकतात हे मला सुचलेच नाही. याच जळगाव जिल्ह्यात, खिरोदा परिसरातील शाळांमध्ये, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९७० च्या दशकात काम केले होते आणि विज्ञान शिकण्यात भाषा किती आडवी येते याचा विचार तेव्हाच मांडला होता. शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमातही शक्य तेथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. म्हणजे वाट आधीच दाखवलेली होती. माझ्यासारख्यांना ती दिसायला उशीर झाला.

डोळस असणे हीसुद्धा एक ओळखच आहे, हे मला एका मंददृष्टी मुलामुळे उमगले. "हे इकडे नेले, हे त्यातून गेले" असे म्हणत मी समीकरण सोडवत असे आणि तो ओळीमागून ओळ हरवत जाई. जे लिहिते ते पूर्ण उच्चारायचे, एवढ्या एका सवयीने त्याच्यासकट मागच्या बाकांवरच्या बऱ्याच मुलांची सोय झाली.

तेव्हा आपण आदिवासी नाही म्हणून तिथे जाऊ नये असे मी मुळीच म्हणणार नाही. आपण जावे, आणि रुजू होण्याआधी एका संध्याकाळी स्वतःचीच गणिताची हकिगत लिहून काढावी: गणित कोणी शिकवले, कशाची लाज वाटली, कशाबद्दल शाबासकी मिळाली, घरात कोणत्या गोष्टींची नावेही काढली जात नसत. त्या कागदावरून वर्गात कोणते मूल आपल्या नजरेतून निसटेल याचा पुष्कळसा अंदाज येतो. त्यानंतर पहिल्या आठवड्यात धडा सुरू न करता मुलांकडून मोजण्याचे, वजनाचे, उकळण्याचे, सावलीचे शब्द मागून घ्यावेत. मुले आपल्या उच्चाराला हसतील, हसू द्यावे. मीही, फार उशिरा का होईना, तशी वही केली आहे. तिच्यात "वाफ" या शब्दापुढे मी लिहिलेला पावरी शब्द चुकला होता. धडगावकडून आमच्या शाळेत आलेल्या एका मुलीने तो पेन्सिलीने खोडून शेजारी बरोबर लिहिला आहे, आणि खाली, मी मुलांच्या वहीत करते तशीच, आपली सही व तारीख घातली आहे.