पंधराची मुलगी, सॅन होजे आणि गाडीची किल्ली

तुम्ही विचारलंय की ऑफिस अमेरिकेत सॅन होजेला पाठवतंय, मुलगी पंधराची आणि मुलगा बाराचा आहे, आणि तिकडे सोळाव्या वर्षी गाडी हातात आली की पोरं कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत, हे खरं का. गाडी येते हे खरं. पुढचं अर्धं तुमच्या हातात आणि अर्धं कॅलिफोर्नियाच्या कायद्यात. माझी दोन्ही मुलं इथेच या वयातून गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

साडेपंधरा वर्षं झाली की लर्नर परमिट मिळतं. ते किमान ६ महिने जवळ असावं लागतं. त्यात ६ तास ड्रायव्हिंग स्कूलच्या शिक्षकाबरोबर आणि ५० तास घरच्या मोठ्या माणसाबरोबर, पैकी १० रात्रीचे. मोठं माणूस म्हणजे २५ पूर्ण झालेलं आणि कॅलिफोर्नियाचं लायसन्स असलेलं. तेव्हा आधी तुमची परीक्षा! आपल्याकडे वीस वर्षं गाडी चालवलीत, हे डीएमव्हीच्या, म्हणजे इथल्या आरटीओच्या, खिडकीवर कुणी विचारत नाही.

लायसन्स सोळाला. पण पहिलं वर्षभर रात्री ११ ते पहाटे ५ एकटीने चालवायची नाही आणि शेजारी २५ च्या वरचा लायसन्सवाला नसेल तर विशीच्या आतल्या कुणाला गाडीत घ्यायचं नाही. शाळा, नोकरी, दवाखाना यांना सवलत आहे, पण सही केलेली चिठ्ठी लागते. अठरापर्यंत गाडी चालवताना फोन अजिबात नाही, हँड्सफ्रीसुद्धा नाही.

ऐकायला कडक वाटतं, पण यात एक मेख आहे. रात्रीचा किंवा मैत्रिणींचा नियम मोडला, एवढ्याच कारणासाठी पोलिसांना गाडी थांबवता येत नाही. दुसऱ्या कशासाठी थांबवली तरच ते विचारतात. पोरांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून नियम सरकारचा असला तरी पहारा घरचाच.

त्यासाठी तुमच्याकडे एक हत्यार आहे. अल्पवयीन मुलाच्या अर्जावर पालकांची सही लागते. जो सही करतो, नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावरही येते. ती सही कधीही मागे घेता येते, मग लायसन्स रद्द. आमच्या घरी तशी वेळ आली नाही, पण असा फॉर्म असतो हे जेवताना एकदा सहज सांगून ठेवलं होतं.

इन्शुरन्सचा आकडा बघून मात्र तोंडचं पाणी पळेल. कायद्याने लागणारं किमान कव्हर १ जानेवारी २०२५ पासून वाढलंय: एका माणसाच्या इजेला ३०,००० डॉलर, सगळ्यांच्या मिळून ६०,०००, मालमत्तेला १५,०००. माझं मत, त्याच्या बरंच वर घ्या. चांगल्या मार्कांवर बऱ्याच कंपन्या सूट देतात, तेव्हा गुणपत्रिका पाठवायला विसरू नका. आणि मैत्रिणीने "जरा देतेस का" म्हणून गाडी नेली आणि ठोकली, तर साधारणपणे आधी तुमचीच पॉलिसी भरते. म्हणून आमचा नियम एकच होता: किल्ली तुला दिली, पुढे उसनी द्यायची नाही.

मी स्वतः कोल्हापुरात मामाची एम-८० मागून घेऊन ट्रिपल सीट रंकाळ्यावर गेलेली मुलगी आहे. लायसन्स कुणाकडेच नव्हतं. (आता तिकडेही ते जमणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने त्या कायद्याखाली गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो.) पण आम्ही घरी पोचायच्या आत आईला बातमी लागलेली असायची, कारण वाटेत निदान एक काकू उभ्या असायच्याच. इथे वाटेत कुणी नसतं. मजा बहुतेक पार्किंग लॉटमध्ये होते: बोबा टी (साबुदाण्यासारख्या गोळ्या घातलेला गार चहा) घ्यायचा, डिकी उघडून त्यात बसायचं, तासन्‌तास बोलायचं. निरुपद्रवी आहे हो, उगाच घाबरू नका.

"दिवेलागणीच्या आत घरी" हा नियम मात्र विमानतळावरच सोडून या. जूनमध्ये इथे साडेआठच्या सुमारास सूर्य मावळतो आणि डिसेंबरात पाचच्या आत. आम्ही वेळेऐवजी रस्ता ठरवला. पहिल्या वर्षी हायवे १७ बंद. सांताक्रूझच्या बीचवर जायला तोच रस्ता, डोंगरातला, वळणावळणाचा, आणि पाऊस पडला की निसरडा. मुलगा वैतागला, मग आम्हीच मागे बसून त्याला दोनदा चालवायला लावला.

तुम्ही विचारलं नाहीत ते सांगते. तुम्ही एच-१ या नोकरीच्या व्हिसावर येणार असाल तर मुलं एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर, आणि त्यांना नोकरी करता येत नाही. वर्गातल्या पोरी सुट्टीत आइस्क्रीमच्या दुकानात उभ्या राहून पेट्रोलचे पैसे कमावतात आणि आपली मुलगी आपल्याकडे हात पसरते. गाडी मिळण्या न मिळण्यापेक्षा हे जास्त बोचतं. तिला निघण्याआधीच सांगा. शिवाय तिच्या लायसन्सची मुदत व्हिसाच्या कागदांना बांधलेली असते आणि एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो, तोवर तिचा स्टुडंट व्हिसा किंवा दुसरी सोय लागेल.

मुलाची घाई नाही. त्याला सायकल घ्या. अठरापर्यंत हेल्मेट सक्तीचं आहे. आणि व्हीटीएच्या, म्हणजे इथल्या सार्वजनिक, बसने एकट्याने जायची सवय पहिल्याच उन्हाळ्यात लावा.