जुन्या इंडिका डिझेलच्या पंपातून डिझेल गळतंय, पंप बदलावाच लागेल का?

तुमची गाडी साधी १.४ लिटरची टाटा इंडिका. रात्रभर उभी राहिली की पंपाखाली डिझेलचा डाग पडतो, सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो आणि गॅरेजवाला पंपच बदलायला सांगतो. एवढ्यावरून तरी पंप बदलू नका. या गाडीवर मायकोचा (आताचं बॉश) व्हीई जातीचा रोटरी पंप असतो. आतला प्लंजर (डिझेल दाबणारी दांडी) किंवा हेड (चार पाइप जोडलेला तोंडाचा भाग) झिजलं की गरम इंजिन स्टार्ट व्हायला त्रास देतं, पिकअप पडतो. नुसती गळती असेल तर बहुतेक वेळा दोष रबराचा असतो, आणि रबर बदलता येतं. (व्हिस्टामधल्या कॉमन रेल इंजिनांना यातलं काहीही लागू नाही.)

जुन्या पंपांमधल्या ओ-रिंग (सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या) नायट्राइल रबराच्या. इंडिका १९९८ च्या अखेरीस आली तेव्हा डिझेलमध्ये गंधक हजारो पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) असे. एप्रिल २०२० पासून देशभर ते १० पीपीएमवर आलं. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले ॲरोमॅटिक घटकही कमी होतात. हेच घटक शोषून जुनं रबर फुगलेलं असतं. ते कमी झाले की रबर आकसतं. त्यात गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर ते कडकही होतं. म्हणून पंपाच्या ओ-रिंग आणि पॅकिंगचं किट घेताना व्हायटॉनच्या (फ्लोरो रबराच्या) ओ-रिंग आहेत का ते विचारा. पंपाच्या बाजूच्या पट्टीवर दहा आकडी नंबर असतो, किट त्या नंबरावरूनच मागा. ‘इंडिकाचं द्या’ म्हणाल तर मापात न बसणारंही हातात पडेल.

आता गळती नेमकी कुठून आहे ते शोधा. हे टाळून पाना हातात घेणं मला अजिबात पटत नाही. डिझेल वरून खाली ओघळतं, त्यामुळे सगळ्यात ओली जागा हीच गळणारी जागा असं नाही. नोझलांवरच्या बारीक कापडी रिटर्न नळ्या सुकून तडकतात, त्यांचं डिझेल पंपावर ठिबकतं आणि पंप बदनाम होतो. पंप ब्रेक क्लीनरने धुवा, हवा मारून सुकवा, टाल्कम पावडर भुरभुरा आणि इंजिन दहा मिनिटं आयडलला ठेवा. पावडरवर पहिला ओला डाग उठेल ती जागा खरी. चालू इंजिनच्या हाय प्रेशर पाइपांवर बोट फिरवू नका. तिथला बारीक फवारा कातडीतून आत शिरतो. पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघा.

सकाळच्या सेल्फचं कारण याच गळतीत असू शकतं. या गाडीत टाकीतून डिझेल ओढायचं काम पंपाच्या आतला वेन पंप (पात्यांचा छोटा पंप) करतो. फिल्टर ते पंप हा भाग त्यामुळे चालू इंजिनमध्ये ओढीखाली असतो, तिथली फट बाहेर गळत नाही, हवा घेते. पंपाच्या पोटात मात्र दाब असतो, तिथली फट चालू असताना गळते आणि बंद असताना हवा आत घेऊन डिझेल टाकीकडे परत सोडते. पंपाच्या इनलेटला वीतभर पारदर्शक नळी लावली की बुडबुडे दिसतात.

सोप्या जागा आधी उरकू. इनलेट आणि रिटर्नच्या बँजो बोल्टना (ज्यांच्या आतून डिझेल जातं ते पोकळ बोल्ट) नवी तांब्याची वॉशर घाला. हे दोन बोल्ट एकमेकांच्या जागी लावू नका: ‘आउट’ कोरलेल्या रिटर्नच्या बोल्टमध्ये बारीक भोक असतं, पंपाच्या पोटातला दाब त्यावर टिकतो. स्टॉप सोलेनॉइड (किल्ली बंद केली की डिझेल तोडणारा विजेचा व्हॉल्व्ह) गळत असेल तर काढताना खाली हात धरा, आतला छोटा प्लंजर आणि स्प्रिंग पटकन निसटतात. ॲडव्हान्स पिस्टनच्या (वेगाप्रमाणे टायमिंग पुढेमागे करणाऱ्या पिस्टनच्या) दोन्ही झाकणांच्या ओ-रिंग बदलता येतात. एका बाजूला स्प्रिंग आणि पातळ शिम असते, ती होती तशीच परत बसवा. डिलिव्हरी व्हॉल्व्हचे होल्डर (हाय प्रेशर पाइप ज्यांना जोडतात ते) एका वेळी एकच उघडा. चारांचे व्हॉल्व्ह आपापसात बदलायचे नाहीत.

सगळ्यात जास्त गळते ती वरच्या झाकणातली थ्रॉटल लिव्हरची (एक्सिलरेटरने हलणाऱ्या लिव्हरची) दांडी. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि पंपाभोवतीची घाण धुवा. लिव्हर आणि दांडी दोन्हींवर मिळून एक सरळ ओरखडा मारा. दांडीला दाते आहेत, लिव्हर एक दाता जरी सरकला तरी पंपाचं सगळं गणित बिघडतं. स्प्रिंगचा हूक कुठे अडकलाय त्याचा फोटो काढा. मग नट काढून लिव्हर उचला, रिटर्न पाइप सोडा, झाकणाचे चार एलन बोल्ट काढा. एखाद्या पंपावर त्यातला एक तीन कोनी डोक्याचा निघतो, त्याला वेगळं सॉकेट लागतं. झाकणावरच्या आयडल, मॅक्स आणि फुल लोडच्या स्क्रूंना हात लावू नका.

आता दांडी अंगठ्याने खाली दाबत झाकण सरळ वर उचला. दांडी गव्हर्नरच्या (इंजिनचा वेग आवरणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगला लटकून आतच राहते, तिला राहू द्या. जुनी ओ-रिंग लाकडी काडीने काढा, नवी डिझेलमध्ये बुडवून बसवा, झाकणाचं पॅकिंगही नवं घाला. झाकणातलं बुश झिजलं असेल, म्हणजे दांडी आडवी हलवल्यावर खेळ लागत असेल, तर नवी ओ-रिंगही थोड्याच दिवसांत गळेल. बुश किंवा झाकणच बदलावं लागेल. शेलॅक, एम-सील, टेफ्लॉन टेप यातलं काहीही वापरू नका. त्याचा कण सुटून आत गेला तर पंप खरंच बदलावा लागेल.

हेडची मोठी ओ-रिंग, म्हणजे चार पाइप जोडलेला तोंडाचा भाग आणि बॉडी यांच्यामधली, गाडीवरच बदलणारे लोक आहेत. मी ते सुचवणार नाही. हेड थोडं जास्त ओढलं गेलं की प्लंजरसोबत कंट्रोल कॉलर (किती डिझेल जायचं ते ठरवणारी कडी) सरकतो आणि गव्हर्नर लिव्हरचा गोल टोकाचा पिन त्याच्या भोकातून सुटतो. तसाच पंप जोडला तर डिझेलवर कुणाचाच ताबा राहत नाही, इंजिन स्टार्ट होताच सुसाट सुटतं. हे काम टेबलावर, कॅलिब्रेशन मशीन (पंपाचं डिझेल मोजून जुळवणारं मशीन) असलेल्या पंपवाल्याकडेच व्हावं.

पुढच्या ऑइल सीलचंही (पुलीमागे शाफ्टभोवती असतं ते) तसंच. सील स्वस्त असतं, पण पंप उतरवायचा, पुलरने पुली काढायची, परत बसवताना हेडच्या मधल्या बोल्टच्या जागी डायल गेज लावून टायमिंग जुळवायचं, एवढा व्याप आहे. शाफ्टला खेळ असेल तर बुशही बदलून घ्या. ही गळती पुढे ढकलू नका. डिझेल टायमिंग बेल्टवर जातं, बेल्ट फुगतो, आणि तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. डिझेलने भिजलेला बेल्ट पुसून वापरायचा नाही, नवाच टाकायचा.

जोडून झाल्यावर फिल्टरचा एअर स्क्रू सैल करून हाताच्या प्राइमरने बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल दाबा. नोझलाकडचे चारही नट किंचित सोडा, दहा दहा सेकंदांचे सेल्फ मारा, मध्ये स्टार्टर थंड होऊ द्या, डिझेल आलं की नट आवळा. झाकण उघडलं असेल तर पहिल्या स्टार्टला एक माणूस किल्लीपाशी बसवा आणि इंजिन सुसाट सुटलं तर हवा तोडण्यासाठी एअर फिल्टरच्या तोंडावर झाकायला सपाट फळी तयार ठेवा, तोंड हाताने झाकायचं नाही. आयडल चढलेलं राहिलं किंवा एक्सिलरेटर सोडूनही वेग उतरला नाही तर लगेच बंद करा आणि लिव्हरवरचा ओरखडा जुळतोय का ते बघा.