भरवशाचीच माणसे का सोडून जातात?

प्रश्न : माझे दैनंदिन वस्तूंचे छोटे कन्व्हिनियन्स स्टोअर सकाळी ७ ते रात्री ११ उघडे असते. आठ कर्मचारी आहेत. वर्षभरात सहा जण सोडून गेले आणि त्यांतले तिघे माझे सर्वांत चांगले कर्मचारी होते. शेवटी गेलेल्या मुलीचा पगार मी दोनच महिन्यांपूर्वी वाढवला होता, तरी ती तेवढ्याच पगारावर दुसऱ्या दुकानात गेली. कामचुकार मात्र टिकून आहेत. माझे काय चुकते आहे?

उत्तर : आपल्या पत्रातले ‘तेवढ्याच पगारावर’ हे दोन शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. पगाराला कमी लेखायचे कारण नाही. १९१३ मध्ये फोर्डच्या मोटार कारखान्यात सुमारे १४ हजार कामगारांची संख्या कायम ठेवण्यासाठी वर्षभरात ५२ हजारांहून अधिक माणसे भरावी लागली होती. जानेवारी १९१४ मध्ये कंपनीने दिवसाला पाच डॉलर, म्हणजे जवळपास दुप्पट मोबदला जाहीर केला आणि ही गळती झपाट्याने कमी झाली. मात्र ही गोष्ट सांगताना एक तपशील बहुधा गाळला जातो, तो असा की त्याच घोषणेत कामाचा दिवसही नऊ तासांवरून आठ तासांवर आणला होता.

आता एक काम करावे. गेल्या तीन महिन्यांची पाळीपत्रके समोर घ्यावीत आणि जिथे जिथे ऐन वेळी फोन करून कोणाला सुट्टीच्या दिवशी बोलावले, किंवा रात्री ११ वाजता दुकान बंद करणाऱ्यालाच दुसऱ्या दिवशी सकाळी ७ ला उघडायला सांगितले, तिथे लाल खूण करावी. माझा अंदाज असा की बहुतेक खुणा दोन-तीनच नावांपुढे पडतील आणि त्यांत त्या मुलीचे नाव असेल. कोणी दांडी मारली की मालकाचा पहिला फोन नाही न म्हणणाऱ्यालाच जातो. कामचुकार तो उचलत नाही, म्हणून पुढच्या वेळी त्याला तो करतही नाहीत. अशा रीतीने भरवशाच्या माणसाला त्याच्या भरवशाचीच शिक्षा होते आणि पगारवाढीने ती भरून निघत नाही, कारण गेलेली असते ती झोप, सुट्टी किंवा घरचे एखादे कार्य.

पाळीपत्रक किमान दोन आठवडे आधी लावावे. अमेरिकेत गॅप या कपड्यांच्या दुकानांमध्ये पाळ्या अधिक स्थिर ठेवण्याचा प्रयोग झाला, तेव्हा त्या दुकानांची विक्री सुमारे ७ टक्क्यांनी वाढल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. कपड्यांचे दुकान आणि आपले दुकान एकच नव्हे, हे मान्य. पण माहितगार माणूस ठरल्या वेळी काउंटरवर असणे दोन्हीकडे सारखेच उपयोगी पडते. ऐन वेळी यायची तयारी असणाऱ्यांची यादी वेगळी करून त्यांना जादा मोबदला द्यावा आणि बोलावण्याची पाळी यादीतल्या क्रमानेच फिरवावी. त्या क्रमात आपले स्वतःचेही नाव असावे.

दुसरी जागा गल्ल्याची. एकाच गल्ल्यावर दिवसभरात तिघांचे हात पडत असतील आणि रात्री आलेली तूट शेवटच्या माणसाच्या पगारातून कापली जात असेल, तर प्रामाणिक माणूस त्या दुकानात फार काळ राहणार नाही. अशी कपात अनेक ठिकाणी कायद्यातही बसत नाही. पाळी बदलताना जाणाऱ्याने आणि येणाऱ्याने मिळून रोकड मोजावी, वहीत आकडा लिहून दोघांनी सही करावी. यात दहा मिनिटे जातात, तीही पगारी वेळेत धरावीत.

नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात रात्री एकटे ठेवू नये, एवढे सांगून पुढे जातो.

कामचुकारांबद्दल आपण ओझरतेच लिहिले आहे, पण एकाने न लावलेला माल दुसऱ्याला लावावा लागतो आणि मालक ते पाहूनही गप्प बसतो, हे सगळे कर्मचारी पाहत असतात. पाळी संपण्यापूर्वीच्या कामांची यादी काउंटरमागे लावावी आणि अपुरे काम ज्याचे त्यालाच पूर्ण करायला लावावे.

राहता राहिली ती मुलगी. तिला महिनाभराने फोन करावा. परत येतेस का, असे विचारू नये. सोडून जायचे तिने मनाशी कोणत्या दिवशी ठरवले, एवढेच विचारावे. मग त्या तारखेचे पाळीपत्रक काढून पाहावे.