पहिलीचा वर्ग घेण्याआधी अंगणवाडीत जाऊन ये

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुला पहिली-दुसरीचा वर्ग मिळाला हे वाचून फार आनंद झाला. सांगलीच्या खानापूर तालुक्यातली द्विशिक्षकी शाळा, तिसरी-चौथी मुख्याध्यापकांकडे आणि लहानगी सगळी तुझ्याकडे. तू विचारलंयस, जूनमध्ये आधी पुस्तक काढू की मुळाक्षरं गिरवून घेऊ? या दोन्हींच्या आधीचं एक काम आहे. तुझ्या शाळेच्या आवारातच अंगणवाडी भरते ना? तिथं जाऊन बस. शाळा उघडायच्या आधी जमेल तितक्या वेळा जा. मागच्या भिंतीला टेकून बस, फळ्याकडे बघू नकोस, मुलांकडे बघ.

कारण असं की पहिलीत येणारं मूल कोरं नसतं. ते दोन-तीन वर्षं कुठं तरी बसलेलं असतं, गाणी म्हणालेलं असतं, भांडून मिटवलेलं असतं. पण आपल्याकडे त्याच्याबरोबर काय येतं? दाखलपात्र मुलांच्या यादीतलं नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक. त्याला काय येतं याचा कागद क्वचितच येतो, आला तरी कपाटात जातो. मग जूनमध्ये आपण सगळ्यांना एकाच रेघेवर उभं करतो. ज्यांना बरंच येतं ती कंटाळतात, ज्यांना आधार हवा ती गप्प बसायला शिकतात. गप्प बसायला शिकलेलं मूल पुढं चौथीपर्यंत गप्पच राहतं, हे मी पुष्कळ पाहिलंय.

तासगाव भागातल्या एका अंगणवाडीत पाहिलेली गोष्ट सांगते. सेविकाताईंनी एका ताटलीत मूठभर बेदाणे दिले आणि पाच वर्षांच्या एका मुलीला सांगितलं, सगळ्यांना सारखे वाट. तिच्यासकट सहा जण गोल करून बसले होते. तिनं आधी स्वतःपुढं दोन ठेवले, मग प्रत्येकापुढं दोन-दोन. शेवटच्या पोराला एकच उरला. तिनं ताटली उलटी करून पाहिली. सगळ्यांच्या पुढ्यात नजर फिरवली. मग आपल्यातला एक उचलून त्याच्या हातावर ठेवला आणि ताईंना म्हणाली, “आता त्याला दोन, मला एकच. मला अजून एक द्या.” पुढच्या जूनमध्ये हीच मुलगी पहिलीत गेली. पाटीवर १ ते १० लिहायला सांगितल्यावर तिनं ३ उलटा काढला आणि ५ गाळला. तिच्या नावापुढं नोंद पडली: संख्याज्ञान नाही.

नीट बघ, त्या मुलीला काय काय येत होतं. एकास एक जुळवणं, सारखं आणि कमी ओळखणं, कितीनं कमी आहे ते सांगणं, एक काढला तर काय होईल याचा आधीच अंदाज घेणं. वजाबाकी म्हणजे आणखी काय असतं? तिला फक्त अंक लिहिता येत नव्हते, आणि ते यायला हात पक्का व्हावा लागतो. मातीचे गोळे वळणं, कागद फाडून चिकटवणं, मणी ओवणं, खडूनं जमिनीवर मोठमोठ्या रेघा ओढणं यांतून बोटांत तो जोर येतो. म्हणून अंगणवाडीत बसशील तेव्हा मूल लिहितं का हे शोधू नकोस. मोजतं का, गोष्ट ऐकताना “मग काय झालं?” विचारतं का, आपली पाळी येईपर्यंत थांबतं का, टाळ्या वाजवत ‘क-म-ळ’ असे तुकडे पाडतं का, हे बघ. शब्दातले आवाज कानानं सुटे करता येणाऱ्या मुलाला अक्षर लवकर सापडतं. एका वहीत प्रत्येक मुलासाठी एक पान ठेव आणि त्यावर दिसलं तेवढंच लिही. ‘हुशार’, ‘मठ्ठ’ असले शब्द त्या वहीत नकोत.

भाषेचं जरा जास्तच मनावर घे. आपल्या जिल्ह्यात जतच्या अंगाला घरात कानडी बोलणारी पोरं आहेत. दिवाळीनंतर उसाच्या फडावर आलेली बीडकडची मुलं आहेत, त्यांच्यातल्या काहींच्या घरची बोली निराळीच. गावातली पोरंसुद्धा “मी न्हाई येणार, शेरडं हायती घरी” असंच बोलणार. पहिल्या महिन्यात त्यांची वाक्यं दुरुस्त करू नकोस. त्यांना भरपूर बोलू दे, बोललेलं फळ्यावर त्यांच्याच शब्दांत लिही आणि वाचून दाखव. आपण बोललेलं लिहिता येतं आणि लिहिलेलं पुन्हा तसंच वाचता येतं, हे मुलाला एकदा कळलं की वाचनाचं अर्धं काम झालं. प्रमाणभाषा गोष्टींमधून आणि पुस्तकांमधून आपोआप कानावर पडत जाते.

आता एका दडपणाबद्दल सावध करते. गावात सकाळी इंग्रजी माध्यमाची पिवळी गाडी येते, त्यात चार वर्षांची पोरं दप्तर घेऊन चढतात. ते बघून अंगणवाडीतल्या आया सेविकाताईंना म्हणतात, आमच्या पोराला कधी लिहायला लावणार? तुझ्यावरही वेळ येईल. कुणी तरी म्हणेल, मॅडम, अंगणवाडीतच बाराखडी उरकून घ्या, म्हणजे पहिलीत तुमचा त्रास वाचेल. त्याला मान डोलावू नकोस. अंगणवाडी आणि शाळा जोडणं याचा अर्थ पहिलीचं ओझं दोन वर्षं आधी लादणं असा कुणी घेतला तर आपण मुलांचं नुकसान करतो. उलट पहिली आणि दुसरीनं थोडं अंगणवाडीसारखं व्हायला हवं. गोष्ट, गाणं, खेळ, जमिनीवर बसून हातानं करायच्या वस्तू या पहिलीत बंद कशाला करायच्या? जूनमध्ये तुझ्यासमोर बसलेल्या मुलांत काही जेमतेम साडेपाच वर्षांची असतील. सहा महिन्यांपूर्वी ती भातुकली खेळत होती, आजही खेळतील.

हे माझं एकटीचं म्हणणं नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एकच टप्पा मानला: अंगणवाडी किंवा बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी. ऑक्टोबर 2022 मध्ये या टप्प्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, त्याचा गाभाही खेळातून शिकणं हाच आहे. कागदावर टप्पा एक झाला, पण काम दोन घरांत वाटलेलं राहिलं. अंगणवाडी महिला व बालविकासकडे, शाळा शिक्षण विभागाकडे. ताईंच्या पर्यवेक्षिका वेगळ्या, आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे आपले केंद्रप्रमुख वेगळे, प्रशिक्षणं वेगळी, नोंदवह्या वेगळ्या. आवार एक असूनही कित्येक ठिकाणी दोघींची गाठ पडते ती फक्त झेंडावंदनाला.

महाराष्ट्रात तर हा विचार फार जुना आहे. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. पुढं कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी विकासवाडी उभी केली, तिथं पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येणारी मोठी बहीण शाळेत बसू शकायची, कारण धाकटं शेजारीच असायचं. एका मुलाचं सगळं बालपण एकाच डोळ्यासमोर असावं, हा त्यामागचा हेतू. तुझ्या आवारात आज तशीच जागा आहे, फक्त मधलं दार उघडायचं बाकी आहे.

लहानपणच्या शिक्षणाचा फायदा मोठेपणी टिकतो का, असं तू मागं विचारलं होतंस. टिकतो, पण आपोआप टिकत नाही. अमेरिकेत शिकागोच्या गरीब वस्त्यांमध्ये 1967 पासून सरकारी शाळांना जोडून बालक-पालक केंद्रं चालवली गेली. तिथं तीन वर्षांच्या मुलापासून तिसरीपर्यंत एकच धागा ठेवला होता: छोटे वर्ग, भाषेवर भर, आणि पालकांसाठी शाळेतच एक खोली. त्या मुलांचा मोठेपणापर्यंत मागोवा घेतला गेला. शाळा पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण त्यांच्यात जास्त निघालं, आणि जी मुलं तिसरीपर्यंत त्या योजनेत राहिली त्यांच्यात नापास होणं कमी. याउलट टेनेसी राज्यात सरकारी बालवर्गात गेलेली मुलं सुरुवातीला पुढं होती, तिसरीपर्यंत ती आघाडी संपली आणि सहावीत ती इतरांच्या मागेच पडलेली दिसली. असं का झालं यावर तिथं वाद आहे, पण बालवर्ग काढला की काम झालं असं कुणाला म्हणता येत नाही.

म्हैसाळ योजनेचं पाणी आठव. कृष्णेतून उचललेलं पाणी टप्प्याटप्प्यानं वर चढवत जतपर्यंत न्यायचं. मधल्या एका टप्प्याचे पंप बंद असले तर खालचे कितीही जोरात चालले तरी वरच्या शिवाराला थेंब मिळत नाही. अंगणवाडीनंतरचा टप्पा तुझा आहे.

सेविकाताईंशी कसं वागायचं, यावर सगळं अवलंबून आहे. त्यांच्याकडे तपासायला आल्यासारखी जाऊ नकोस. त्यांच्या दिवसाकडे बघ: आहार शिजवून घेणं, वजन-उंची, मोबाईलवर ‘पोषण ट्रॅकर’ ॲपमध्ये नोंदी भरणं, लसीकरणाच्या दिवशी आयांना गोळा करणं, गरोदर बायांच्या घरी जाऊन येणं, आणि यातून उरलेल्या वेळात शिकवणं. तमिळनाडूत काही अंगणवाड्यांना फक्त शिकवण्यासाठी अर्धवेळ जादा कार्यकर्ती दिली, तर शिकवण्याचा वेळ जवळजवळ दुप्पट झाला, मुलांचं गणित आणि भाषा सुधारली आणि कुपोषणही कमी झालं. म्हणजे ताईंना शिकवता येत नाही असं नाही, त्यांना वेळ मिळत नाही. तू आठवड्यातून एकदा तुझ्या दुसरीच्या पोरांना घेऊन अंगणवाडीत गोष्ट वाचून दाखवायला गेलीस तर ताईंना अर्धा तास सुटतो, लहानग्यांना शाळेची ओळख होते आणि दुसरीच्या पोरांना वाचायला खरं कारण मिळतं. मुलांसमोर त्यांना “बाई” म्हण. मूल पहिल्या दिवशी कुणाकडे बघून धीर धरतं, तर त्यांच्याकडेच.

पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळापूर्व तयारीचे मेळावे घेशील, तेव्हा ते ताईंच्या बरोबरीनं घे. मुलाला काय येतं हे टिपायचं विकासपत्र तिथं असतं, ते भरून फोटो काढून ठेवून देऊ नकोस, तुझ्या वहीशी ताडून बघ. मेळाव्यात आयांचे गट करतात ते जूननंतरही चालू ठेव. आयांना गृहपाठ तपासायला सांगू नकोस, त्यातल्या बऱ्याच जणींना ते अवघड जातं. द्राक्षाच्या बागेतून आल्यावर दिवसभरात काय केलं हे पोराला सांग आणि त्याचं ऐक, एवढंच सांग. भाकरी करताना उंडे मोजायला लाव. हे सगळ्यांना जमतं.

शाळा सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे अंगणवाडीतलीच गाणी घे, गोलात बसव, ताईंना एखाद्या सकाळी वर्गात बोलाव. वर्गाचा एक कोपरा चिंचोके, बांगड्यांचे तुकडे, झाकणं, चित्रांची पुस्तकं यांचा असू दे आणि तो रोज उघडा असू दे. पुस्तक सुरू करच, त्याला घाबरू नकोस, पण दिवसाची सुरुवात गोष्टीनं कर.

जी मुलं मधेच जातात त्यांचं विसरू नकोस. आटपाडी-जतकडची कुटुंबं ऊसतोडीला जातात, माणदेशातले मेंढपाळ दिवाळीच्या सुमारास मेंढ्या घेऊन बाहेर पडतात, ते पावसाळ्याच्या तोंडावर परततात. अंगणवाडीतही त्या मुलाचं वर्ष अर्धंच झालेलं असतं. ताईंना विचार, कोण किती महिने नव्हतं. त्या मुलाला ‘गैरहजर’ एवढीच ओळख देऊ नकोस. त्यानं वाटेत शंभर गोष्टी पाहिलेल्या असतात, त्याला वर्गाला सांगायला लाव. घरात आजी-आजोबा असतील तर मूल गावातच राहून शाळेत येईल अशा हंगामी वसतिगृहाच्या सोयीबद्दल पालकांशी निघण्याच्या आधी बोल, निघून गेल्यावर नव्हे. आणि फडावरची मुलं नोव्हेंबरात तुझ्या दारात आली तर पट भरलाय की नाही हे न बघता आत घे.

शेवटचं, तिसरीबद्दल. तुझी मुलं दुसरी संपवून पलीकडच्या खोलीत जातील तेव्हा त्यांच्या हातात परिसर अभ्यासाचं पुस्तक येईल. तोवर वाचायला शिकत होती, आता वाचून शिकायचं असतं. जे मूल धडधडा वाचतं पण काय वाचलं ते सांगू शकत नाही, ते तिथं अडकतं, आणि आपल्याला पाचवीत कळतं. म्हणून दुसरीत मोठ्यानं वाचून घेतल्यावर दर वेळी विचार: काय कळलं, पुढं काय होईल, तुला काय वाटतं? मार्चमध्ये मुख्याध्यापकांबरोबर बसून एकेका मुलाचं पान त्यांना दाखव, जसं ताईंनी तुला सांगितलं तसं. त्यांना वेळ नसेल तर पुन्हा विचार.

जुलैच्या शिक्षण परिषदेला, म्हणजे शिक्षकांच्या बैठकीला, आपल्या केंद्रातल्या सेविकाताईंना बोलावता येईल का, हे केंद्रप्रमुखांना आताच विचारून ठेव. परवानगीला वेळ लागतो, दोन विभागांची पत्रं लागतात. तोवर तुझ्या वहीतली पहिली काही पानं भरली की विट्याला घेऊन ये, आपण दोघी बसून वाचू. येताना ताईंनाही बरोबर आण.

तुझ्या,
बाई