हूडचा रंग उडालाय, नवीन घालू की जुनंच रंगवू?

प्रश्न: आजोबांची 1958 ची मॉरिस मायनर कन्व्हर्टिबल आहे. कापडी हूड (घडी होणारं छप्पर) बाबांनी मागे बदलून घेतलेलं, तेव्हा काळंभोर होतं, आता मातकट झालंय आणि शिलाईच्या कडेने हिरवट डाग आलेत. कपड्यांचा काळा रंग आणून लावला तर चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: कपड्यांचा रंग अजिबात नको. तो गरम पाण्यात उकळून बसवायचा असतो, हूडचं कापड अ‍ॅक्रिलिकचं असेल तर त्यावर तो धरतच नाही आणि पहिल्याच पावसात ओघळून गाडीच्या पेंटवर येतो.

रंगाच्या आधी कापडात जीव आहे का ते बघा, माझ्या मते खरं काम तेच आहे. शिलाईवरून नख फिरवा, दोऱ्याचा भुगा पडला तर उन्हाने दोरा खाल्लाय असं समजा, आणि चांगल्या कुशनवाल्याकडून जुन्याच भोकांतून पॉलिएस्टरच्या दोऱ्याने शिवून घ्या, नवीन भोकं पाडली की तिथूनच गळणार. मग भर उन्हात हूड लावून आत बसा आणि वर बघा, विशेषतः घडी पडते तिथे. अशा बऱ्याच हूडमध्ये वरचं कापड, मध्ये रबर आणि आत सुती अस्तर असतं. रबर तडकून टिपक्याटिपक्यांनी उजेड दिसायला लागला असेल तर रंगाने काही होणार नाही, मग नवीनच घाला.

कापड धड असेल तर आधी कोरडा मऊ ब्रश मारून धूळ काढा, मग सावलीत कार शॅम्पूने विणीच्या दिशेने हलक्या हाताने धुवा. ती हिरवट बुरशी आहे, त्यावर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं करून दहा मिनिटं ठेवा. ब्लीच नको, प्रेशरची नळी तर बिलकूल नको. फेस पूर्ण जाईपर्यंत खळखळून धुवा कारण साबण राहिला की वॉटरप्रूफिंग धरत नाही, आणि नंतर पूर्ण एक दिवस वाळू द्या.

रंग कापडी हूडसाठीच मिळतो तो आणा, पाण्यात मिसळलेलं पिग्मेंट असतं ते. काचा, क्रोम, बॉडी मास्किंग टेप आणि जुन्या चादरीने नीट झाका आणि फोमच्या स्पंजने दोन पातळ हात द्या, पहिला उभा, दुसरा आडवा. एक पूर्ण भाग एका दमात संपवा, मध्येच चहाला उठलात तर तिथे पट्टा दिसतो. सगळं वाळल्यावर वॉटरप्रूफर मारा आणि वर थोडं पाणी शिंपडा, थेंब मोत्यासारखे घरंगळले की झालं, जिरले तर अजून एक हात.

मागची खिडकी प्लास्टिकची असेल तर तिला अमोनियावालं ग्लास क्लीनर लावू नका, ती पांढुरकी पडते. हे सगळं दिवाळीनंतर काढा, पावसाळ्यात कापड आतून वाळतच नाही. आणि नंतरही ओलं हूड कधी घडी घालून ठेवू नका, बुरशी तिथूनच सुरू होते.