दीड महिन्याची लस मांडीतच का?

प्रश्न : माझ्या नातवाला अंगणवाडीत दीड महिन्याची लस डाव्या मांडीत दिली आणि दुसऱ्या दिवशी तिथे सूज आली. आमच्या वेळी सुई कमरेतच देत. तिथे मांस जास्त असताना एवढ्याशा मांडीत का टोचतात? पायाला काही होणार नाही ना?
— एक आजी, तालुका पारोळा, जि. जळगाव

उत्तर : आजी, पायाला काही होणार नाही, उलट पाय जपण्यासाठीच ती जागा निवडलेली आहे. ‘सुई कमरेतच द्या’ असा आग्रह आपल्या खान्देशात अजूनही धरला जातो, परंतु तान्ह्या बाळाचा कुल्ला भरलेला दिसत असला तरी त्यात चरबीच अधिक असते, तेथील स्नायू मूल चालू लागल्यावर भरतो, आणि त्याच भागातून पायाकडे जाणाऱ्या सायटिका नसेला सुई लागल्यास पाय लुळा पडू शकतो. शिवाय चरबीत गेलेली लस पुरेसे काम करत नाही. म्हणूनच कुत्रा चावल्यावरची रेबीजची लस मोठ्यांनीसुद्धा कमरेत घ्यायची नसते.

मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूचा स्नायू मात्र जन्मापासून चांगला जाड असतो आणि तिथे मोठी नस किंवा रक्तवाहिनी नसते. खुब्याच्या हाडापासून गुडघ्यापर्यंतच्या अंतराचे तीन समान भाग कल्पिले, तर मधल्या भागात बाहेरच्या अंगाला सुई काटकोनात जाते. ती उथळ राहून चालत नाही, कारण दीड महिन्याला मांडीत देतात त्या पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरच्या एकत्रित) लशीतील ॲल्युमिनियमचा क्षार स्नायूऐवजी कातडीखाली राहिला तर आग होते आणि गाठ धरते. पाच-सहा वर्षांच्या बूस्टरपर्यंत दंडाचा स्नायू पुरेसा भरतो, तेव्हा तो डोस दंडात देतात.

सूज एक-दोन दिवस राहणे स्वाभाविक आहे. ती जागा चोळू नका, गरम शेक किंवा हळदीचा लेप नको. गार पाण्याची स्वच्छ घडी ठेवा आणि तापाचे औषध नर्सताईंनी सांगितलेल्या मात्रेतच द्या. न दुखणारी बारीक गाठ काही आठवडे राहिली तरी घाबरू नये. मात्र लाली पसरत गेली, पू दिसला, ताप दोन दिवसांनंतरही उतरला नाही किंवा बाळ पाय हलवेनासे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

अडीच महिन्यांच्या डोसच्या वेळी बाळाला मांडीवर घेऊन त्याचे कपडे खुब्यापर्यंत पूर्ण सोडा, नुसते वर सारू नका. गुडघा किंचित दुमडून हलक्या पण पक्क्या हाताने धरा. स्नायू सैल राहिला की सुई कमी दुखते.